झाकणबाई आणि सरांची कवळी

नेरिडा ट्रेम्बाथला आखाताकाठच्या पोर्ट पेंडर गावात सगळे झाकणबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिलाही त्याचं काही वाटत नसे, कारण त्या गावात ज्याला टोपणनाव नाही त्याला काळं कुत्रंही विचारत नाही. नेरिडाने हयातभर शाळेची बस चालवली. गावातली निम्मी माणसं लहानपणी तिच्या बसमध्ये ओकलेली होती आणि कोण कुठल्या वळणावर ओकला हे तिला अजून पाठ होतं. त्यामुळे तिच्याशी कुणी फार आखडून वागत नसे.

निवृत्त झाल्यावर इतर बायका हिरवळीवर चेंडू घरंगळवायला जातात, नाहीतर नातवंडांचे फोटो दाखवून माणसं पळवून लावतात. नेरिडाने जाड रबरी पोशाख घेतला, पाण्यात चेहऱ्यावर चढवायचा काचेचा मुखवटा घेतला, पाण्याखाली चालणारा धातूचा डिटेक्टर घेतला आणि लाकडी जेट्टीखाली बुड्या मारायला सुरुवात केली. टायरच्या ट्यूबवर बसवलेला हवेचा लहानसा पंप वर फटफटत तरंगायचा. त्याची पिवळी नळी तोंडात धरून ही तळाशी ओणवी होऊन दांडा फिरवत बसायची, अगदी घर झाडणाऱ्या बाईसारखी. कानात आवाज आला की वाळू उपसायची आणि हाताला लागेल ते कमरेच्या जाळीच्या पिशवीत टाकायची.

हाताला लागायची ती झाकणं. पोर्ट पेंडरचे लोक आजे-पणज्यांच्या काळापासून त्या जेट्टीवर बियर पीत आले आहेत आणि झाकण समुद्रात भिरकावत आले आहेत. आखाताच्या तळाशी मासे कमी आणि झाकणं जास्त असतील. मधूनच गळाला लावायचं शिसं सापडे, एखादा चमचा सापडे. एकदा सायकलची घंटी सापडली आणि ती चक्क वाजत होती. नेरिडा ती वाजवत वाजवत भर रस्त्यातून घरी गेली आणि दोन म्हातारे सवयीने बाजूला झाले.

सोनंबिनं मिळालं का कधी, असं लोक मुद्दाम विचारत. ती म्हणे, सोनं शोधायला जातंय कोण? कानात वाजतं आणि खाली काय आहे ते ठाऊक नसतं, तेवढा वेळ मला आवडतो. हे ऐकून लोकांचं समाधान होत नसे. छंदातून काहीतरी हाती लागावं अशी माणसांची विनाकारण अपेक्षा असते.

तिचा नवरा लान्स हा गावचा खाटीक. दुकान विकून झालं होतं, पण हाताची सवय गेली नव्हती. घरात काहीही बांधायचं असलं की तो खिशातून लाल-पांढरा सुतळीचा तोडा काढी आणि मांसाचा गोळा बांधावा तशी गाठ मारी. टोमॅटोची रोपं, वर्तमानपत्रांची रद्दी, नेरिडाचा तुटलेला चष्मा, सगळं त्या एकाच गाठीने बांधलेलं. माणूस प्रेमळ होता, पण पाण्याचा वैरी. घोट्याच्या वर समुद्र लागला की त्याला आपण बुडालो असंच वाटे. बायको झाकणं आणून शेडच्या भिंतीला ठोकत बसते याची तो दुकानात, चर्चमध्ये, सलूनमध्ये यथेच्छ टिंगल करी.

नेरिडाला टिंगलीचं काही नव्हतं. तिला वाईट वाटे ते दुसऱ्याच गोष्टीचं. अशा बुड्या मारताना वर एक माणूस असावा लागतो, नळी अडकली तर ओढायला, पंप बंद पडला तर हाक मारायला. लान्सने येऊन बसावं असं तिला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. तिने एकदा विचारलंही. तो म्हणाला, “मी खाटीक आहे बाई, कोळी नाही.” मग तिने पुन्हा विचारलं नाही. तिच्या नळीवर लक्ष ठेवायला जेट्टीवरचे माकुळवाले, म्हणजे गळाने स्क्विड धरणारे, असत आणि त्यांचं सगळं लक्ष माकुळांकडे असे. एवढ्या वर्षांत तिने वर येऊन मुखवटा काढला आणि समोर आपला माणूस दिसला असं एकदाही झालं नाही. हे दुःख मोठं नव्हतं, पण रोजचं होतं.

लान्सचाही एक सल होता. तो पास्टी करी. पास्टी म्हणजे करंजीचीच थोरली बहीण: तशीच अर्धगोल, तशीच कडेला मुरड घातलेली, पण आत गोमांस, बटाटा, कांदा आणि सलगम. मेमधल्या जत्रेत पास्टीची स्पर्धा लागते आणि लान्सचा दरवर्षी दुसरा नंबर येई. लाल फीत. शेडमध्ये एका भिंतीवर नेरिडाची झाकणं होती आणि समोरच्या भिंतीवर लान्सच्या लाल फिती. पहिल्या नंबराची निळी एकही नाही. परीक्षक वेस्ली नॅनकिव्हेल, गावातल्या शाळेचे जुने मास्तर, ऐंशीच्या पुढचे. लान्स स्वतः सत्तरीला टेकला होता तरी त्यांना सरच म्हणे आणि त्यांच्यासमोर खिशातून हात बाहेर काढी. सर दरवर्षी त्याची पास्टी चावून चावून खात, डोळे मिटत आणि तोच निकाल देत, “सारण उत्तम. पारी मऊ.”

त्या वर्षी जत्रा रविवारी होती. बुधवारी संध्याकाळी सर जेट्टीवर माकुळं धरत होते. चांगलं दांडगं माकूळ लागलं. सरांनी ते ओढून कठड्यावर आणलं आणि त्याचं तोंड आपल्याकडे आहे की पलीकडे हे बघायला वाकले. माकुळाने पिचकारी मारली. शाई थेट सरांच्या तोंडावर. सर ओरडले, आणि इतक्या मनापासून ओरडले की त्यांची वरची कवळी बाहेर पडून कठड्यावर टणकन आपटली आणि पाण्यात गेली. माकूळही गेलं. फळ्यांवर शाईचा मोठा काळा डाग राहिला. सर घरी गेले ते तोंडाला रुमाल लावून.

ही बातमी लान्सला बेकरीत कळली आणि तो पाव न घेताच परत आला. ॲडलेडहून नवी कवळी यायला तीन आठवडे. दाताशिवाय पास्टीचा निकाल देणार कोण? सर नसले तर परीक्षक म्हणून कोरल हॉस्किंग बसणार होती, कारण जत्रा समितीत तीच सगळ्यात मोठ्याने बोले. आणि कोरल पास्टीत गाजर घाले. नुसतं घालून थांबत नसे, इतरांनीही घालावं म्हणून सांगत फिरे. पोर्ट पेंडरमध्ये माणसाने बायको सोडली तर लोक महिनाभर बोलतात, पण गाजर घातलं तर पिढ्यान्‌पिढ्या.

लान्स स्वयंपाकघरात येरझारा घालत राहिला. मग अगदी सहज आठवल्यासारखं करून म्हणाला, “ते तुझं यंत्र... चालू आहे ना अजून?”

नेरिडा भांडी घासत होती. तिने मान वळवली नाही. एवढ्या वर्षांत त्याने यंत्राला तुझं डबडं सोडून दुसरं नाव दिलेलं तिला आठवत नव्हतं. तिला इतका आनंद झाला की तिने एकच बशी तीनदा घासली.

गुरुवार आणि शुक्रवार ती खाली होती. शाईच्या डागाखालची वाळू तिने चाळणीने चाळावी तशी चाळली. झाकणं निघाली. शुक्रवारी संध्याकाळी लान्सने विचारलं तेव्हा तिने खरं काय ते सांगितलं: सरांची कवळी सगळी प्लास्टिकची आहे, आणि डिटेक्टरला प्लास्टिक ऐकू येत नाही.

“मग इतकी वर्षं तू खाली काय करत होतीस?”

“झाकणं काढत होते. ती पत्र्याची असतात.”

लान्सने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि आ वासून छताकडे पाहिलं. तसं डोकं धरलेलं असताना नेरिडाला त्याची वरची कवळी दिसली. त्या कवळीला टाळूच्या बाजूने पोलादी पट्टी होती. तिने जेवताना हजारदा पाहिलेली. तिच्या मनात जे आलं ते अगदी सरळ होतं: एक कवळी जिथे गेली तिथेच दुसरी जाणार. शाईच्या डागावरून लान्सची कवळी टाकायची, ती कुठे जाते ते यंत्राने शोधायचं, आणि तिच्या शेजारी सरांची असणार. लान्सने हे ऐकून आधी नाही म्हटलं, मग कोरलचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि हो म्हटलं.

शनिवारी सकाळी लान्स ट्रेम्बाथ जेट्टीच्या टोकाला उभा राहिला. त्याने कवळी काढली, रुमालाने पुसली, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि डागावरून हात पुढे करून सोडून दिली. माकुळवाल्यांनी टोप्या काढल्या. नेरिडाने नळी तोंडात धरली आणि बुडी मारली.

कवळी सापडायला काही वेळ लागला नाही. यंत्र असं खणखणीत वाजलं की झाकणांवर तिची श्रद्धाच उडाली. लान्सचे दात बरोब्बर डागाच्या खाली, वाळूवर उताणे पडून हसत होते. आणि आजूबाजूला काही नाही. सरांचा एक दातही नाही.

ती वर आली आणि शिडीला धरून राहिली. वर लान्सचे बूट दिसत होते, बुटांच्या वर लान्स, काठावर ओणवा झालेला, तोंडाचं बोळकं उघडं. दात खाली असल्याशिवाय तो इतका काठाशी आलाच नसता हे तिला कळत होतं, तरी तिला फार बरं वाटलं. मग दोघांनी एकदमच पाण्याकडे पाहिलं आणि दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. पाणी हलत नव्हतं. भांगाचे दिवस होते. त्या आखातात भांग असा येतो की एखादा दिवस समुद्र जागचा हलतच नाही, ना चढतो ना उतरतो, बशीत ओतल्यासारखा पडून राहतो. बुधवारी मात्र ओहोटी वाहती होती. सरांची कवळी पाण्याने नेली होती आणि लान्सची दगडासारखी सरळ खाली बसली होती. समुद्राकाठी जन्मून सत्तरी गाठलेली दोन माणसं, आणि भरती-ओहोटी विसरली.

लान्सने आपली कवळी धुऊन तोंडात घातली. मग दोघं तशीच घरी गेली.

रविवारी जत्रेच्या मांडवात पास्ट्या ओळीने मांडलेल्या होत्या. सर गळपट्टा गुंडाळून एका कोपऱ्यात बसले होते, वरचा ओठ आत गेलेला. कोरल हॉस्किंगने परीक्षकाचा निळा ॲप्रन बांधायला घेतला होता आणि गाठ मारता मारता सगळ्यांना सांगत होती की काळाबरोबर चव बदलायला हवी. लान्सचा चेहरा पाहवत नव्हता.

नेरिडा त्याच्याजवळ गेली. “काढ,” ती म्हणाली.

“काय काढू?”

“दात.”

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने सरांकडे पाहिलं, कोरलकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि काढले. नेरिडाने ते मांडवामागच्या नळावर खसखसा घासले आणि सरांपुढे नेऊन ठेवले. सर जुन्या वळणाचे. त्यांनी चष्मा लावून कवळी उलटीसुलटी करून पाहिली, नापास होणाऱ्या मुलाची वही पाहावी तशी. मग चिकटवायचा लेप मागितला, बोटभर लावला आणि बसवली. खटक असा आवाज आला. कोरल म्हणाली की स्पर्धकाच्या दातांनी परीक्षकाने खाणं हे काही बरोबर नाही. सर म्हणाले, “नियमात पास्टीत काय असावं ते दिलंय, कोरल. दात कुणाचे असावेत ते दिलेलं नाही. ॲप्रन इकडे दे.”

सरांनी पहिली पास्टी उचलली. पारी अशी खुसखुशीत की तिचा आवाज मागपर्यंत आला. सरांचा चेहरा वाकडा झाला. त्यांनी दुसरा घास उजवीकडून घेतला, तिसरा डावीकडून घ्यायला गेले आणि थांबले. दुसरी पास्टी झाली, तिसरी झाली, दरवेळी तोच प्रकार: सर चावताहेत, पारी कुठेतरी निसटतेय आणि सरांच्या डोळ्यांत पाणी. मग लान्सची आली. सरांनी चावा घेतला आणि चावतच राहिले. चेहरा हळूहळू निवळला. त्यांनी डोळे मिटले. त्यांनी आणखी एक घास घेतला, जो परीक्षकाने घ्यायचा नसतो. आणि त्याच्यावर आणखी एक.

“लान्स,” सर म्हणाले, “तुझ्या कवळीचे डावीकडचे दात खालच्या दातांना भेटतच नाहीत.”

“नाही सर. बसवली तेव्हापासून नाहीत.”

“आणि तू पारी करतोस ती या दातांनी खाऊन बघत.”

“हो सर. मग आणखी कुणाच्या?”

सरांनी कवळीवरून जीभ फिरवली. इतकी वर्षं हा माणूस आपल्या तोंडाला बरोबर अशी पास्टी करत होता आणि मी माझ्या तोंडाने त्याला नापास करत होतो, असं काहीतरी ते पुटपुटले. मग उठून त्यांनी स्वच्छ आवाजात निकाल दिला. सारण उत्तम. पारी उत्तम. निळी फीत लान्स ट्रेम्बाथला. कोरल मांडवातून चालती झाली. लान्स फीत हातात घेऊन उभा राहिला आणि ढसाढसा रडला. दात नसलेला खाटीक रडताना फारच लहान दिसतो.

आनंदाच्या भरात माणसं भलतंच बोलून जातात. सर कवळी काढू लागले तेव्हा लान्सने त्यांचा हात धरला. म्हणाला, राहू दे सर. उद्या तुमचा बिंगो आहे, तुम्हालाच आकडे पुकारायचे असतात, मंगळवारी तुमची बहीण येणार आहे. तुमची सापडेपर्यंत वापरा माझी. नेरिडा शोधतेच आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांना नाही म्हणायचं होतं, पण तोंडात पास्टी होती.

सोमवारी सकाळी नेरिडा पोशाख चढवत असताना लान्स घडीची खुर्ची, घोंगडी आणि सूपाचा थर्मास घेऊन गाडीत येऊन बसला. आपले दात आता सरांच्या दातांवर अवलंबून आहेत, तेव्हा काम नीट होतंय की नाही ते स्वतःच पाहिलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. त्याने जेट्टीवर खुर्ची मांडली, गुडघ्यांवर घोंगडी घेतली आणि पिवळी नळी दोन्ही हातांत धरली, बैलाची वेसण धरावी तशी.

पहिल्या तासात त्याने तिला तीनदा वर ओढलं. एकदा नळी हलत नव्हती म्हणून, एकदा फार हलत होती म्हणून, आणि एकदा सूप गार होतंय म्हणून. नेरिडा चिडली. पण प्रत्येक वेळी मुखवटा काढला की समोर लान्स होता, नाक लाल झालेला, बोळक्या तोंडाने काहीतरी विचारणारा. तिने आणलेल्या पिशवीतली झाकणं तो घोंगडीवर ओतून निवडत बसे. हे बघ, हे त्या काळ्या बियरचं, ही बंद होऊन जमाना झाला, माझा बाप हीच प्यायचा आणि ह्याच जेट्टीवरून... मग बापाची गोष्ट. मग बापाच्या बोटीची. लग्नाला एवढी वर्षं झाली होती आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी तिने ऐकल्याच नव्हत्या. ज्या झाकणांची त्याने उभा जन्म टिंगल केली त्यांच्यात त्याचा सगळा बाप बसलेला होता.

मंगळवारी सरांची कवळी सापडली.

जेट्टीच्या दुसऱ्या खांबाच्या बुडाशी एका लहानशा ऑक्टोपसचं बीळ होतं. हे प्राणी दाराशी शिंपले रचून ठेवतात. त्या शिंपल्यांच्या राशीवर, अगदी मधोमध, दर्शनी भागात सरांचे दात मांडलेले होते. ऑक्टोपस आत बसून एका डोळ्याने पाहत होता. नेरिडाने कवळी हळूच उचलली आणि त्याच्या समाधानासाठी तिच्या जागी एक झाकण ठेवलं.

ती वर निघाली आणि अर्ध्यावर थांबली. आता हे दात लान्सच्या हातात दिले की तो सरांकडे जाईल, आपले दात घेऊन येईल आणि उद्या सकाळी घरी बसून निळी फीत इस्त्री करत बसेल. खुर्ची शेडमध्ये जाईल. जेट्टीवर पुन्हा माकुळवाले. फीत मिळाली, बिंगो झाला, सरांना दात आहेत, कुणाचं काही अडलेलं नाही, असं तिने स्वतःला समजावलं. लान्सचं अडलेलं होतं, पण लान्सला तिचं सूप आवडत होतं.

बारीक वस्तूंसाठी पिशवीत एक जुना पायमोजा असे. तिने कवळी त्यात घातली आणि जेट्टीच्या लोखंडी शिडीला, पाण्याखालच्या एका पायरीला बांधून टाकली. जागा तिने विचार करून निवडली. लोखंडाजवळ डिटेक्टर नुसता कोकलतो, म्हणून तिथे शोधायला कुणी जात नाही.

“मिळालं काही?” लान्सने विचारलं.

“नाही,” नेरिडा म्हणाली, आणि मुखवट्यातलं पाणी काढायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

बुधवारी नाही. गुरुवारीही नाही. तिला रात्री लाज वाटे आणि सकाळी वाटेनाशी होई. तिने सूपात लोणी वाढवलं, बटाटा अगदी मऊ लगदा करून वाढला, दुधाचं कस्टर्ड रोज केलं. लान्स मिटक्या मारत खाई. बुधवारी त्याने खुर्चीला उशी बांधली, अर्थात सुतळीने. गुरुवारी दुसरी खुर्ची आणली, ती वर आल्यावर तिला बसायला.

शुक्रवारी पंपाचा पट्टा तुटला आणि ती तो दुरुस्त करायला शेजारच्या गावी गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा लान्सची पॅंट दोरीवर वाळत होती, कमरेपर्यंत चिंब. कोबीला पाणी घालताना नळी हातातून सुटली, असं तो म्हणाला आणि सणकून शिंकला. कोबी मात्र कोरडा होता. पट्ट्याच्या नादात तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

शनिवारी सकाळी दोघं जेट्टीवर पोचली आणि नेरिडाच्या पायाखालची फळीच सरकली. भांग कधीच संपला होता. उधाणाचे दिवस आले होते आणि उधाणाची ओहोटी लागली होती. पाणी पार खाली गेलं होतं, खांबांचे शेवाळलेले पाय उघडे पडले होते आणि शिडीच्या एकामागून एक पायऱ्या उन्हात वाळत होत्या. तिची पायरीही. पायमोजा बांधला होता ती पायरी पाण्याच्या चांगली वर, हवेत, सगळ्या गावाच्या नजरेसमोर उघडी होती. आणि तिच्यावर काहीही नव्हतं.

एकाच आठवड्यात ती दुसऱ्यांदा समुद्र विसरली होती. सीगल पक्ष्यांनी नेले असतील, माकुळवाल्यांनी काढून फेकले असतील. आता सरांची कवळी खरोखरच हरवली, आणि तीही हिच्या हाताने. लान्सला जन्मभर सूप पाजणार होती का ती? मागे लान्स खुर्च्या मांडत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो सीगलकडे पाहत होता, फारच बारकाईने.

ती नळी तोंडात धरून शिडीने उतरू लागली. पाण्यात शिरली. आणखी एक पायरी, आणखी एक, आणि तिचा पाय कशावर तरी पडला. मऊ होतं, आणि आत कडक. तिने वाकून पाहिलं.

तिचाच पायमोजा होता. आत सरांची कवळी. पण तो तिने बांधला होता तसा नव्हता. लाल-पांढऱ्या सुतळीने शिडीच्या पायरीला करकचून आवळलेला होता, वर खाटकाची गाठ, टोकं नीट कापलेली. ज्या माणसाला घोट्याच्या वर समुद्र सोसत नाही तो काल या शिडीने कमरेपर्यंत थंड पाण्यात उतरला होता, एकटा, आणि दात काढून न नेता चार पायऱ्या खाली नेऊन बांधून आला होता.

नेरिडा पाण्याखाली हसली. तोंडातली नळी सुटली, मुखवट्यात पाणी गेलं, डोळ्यांतून आलं ते वेगळंच. वर नळीला एक हलका हिसका बसला, मग दुसरा, काय झालं म्हणून विचारणारा.

ती शिडीने वर आली आणि मुखवटा काढला. लान्स काठावर वाकून उभा होता, दोन्ही हातांत नळी.

“मिळालं काही?”

“नाही.”

“असू दे,” लान्स म्हणाला. “सापडतील सावकाश. घाई कुणाला आहे?” त्याने थर्मास उघडला, झाकणात सूप ओतून खाली तिच्या हातात दिलं आणि समुद्राकडे बघत म्हणाला, “सोमवारपर्यंत पाणी अजून उतरणार आहे म्हणतात. तेवढं लक्षात ठेव.”

तिने सूप संपवलं, झाकण परत दिलं आणि त्याच्याकडे सुतळीचा तुकडा मागितला. त्याने काही न विचारता खिशातून काढून दिला. मग नेरिडा नळी तोंडात धरून खाली गेली आणि सरांची कवळी आणखी एक पायरी खाली बांधून आली.